दारात मागितलेले ९,३०५ रुपये: परदेशातून आलेल्या पार्सलच्या कस्टमचा हिशेब

कोल्हापूरच्या एका चित्रकार ताईंचा प्रश्न आहे. जर्मनीतल्या एका दुकानातून त्यांनी जलरंगाच्या ट्यूबा ऑनलाइन मागवल्या. रंगांचे २०,००० आणि हवाई पाठवणीचे ६,००० रुपये कार्डाने भरून झाले. दहा दिवसांनी कुरिअरचा माणूस दारात आला आणि त्याने आणखी ९,३०५ रुपये मागितले. घरात पाहुणे होते, म्हणून ताईंनी ते देऊन टाकले. आता त्या विचारतात: ही रक्कम खरी होती का? पार्सल नाकारलं असतं तर काय झालं असतं? आणि पुढच्या वेळी असा धक्का बसू नये म्हणून काय करायचं? कुरिअरकडून नंतर मिळालेला कागदही त्यांनी पाठवला आहे.

ताई, रक्कम बहुतांशी खरी आहे. बहुतांशी म्हणतो, कारण तुमच्या कागदावरून साधारण ६२० रुपये जास्त घेतले गेल्याचं दिसतं. ते कुठे, हे पुढे सांगतो. पण आधी एक गोष्ट मनावर घ्या. दारात जी एक रक्कम सांगितली जाते ती एक नसते. त्यात सरकारचं शुल्क असतं, कुरिअर कंपनीचा स्वतःचा आकार असतो, आणि कधी कधी कुणाची तरी चूकही असते. तिन्ही एकाच बेरजेत येतात. म्हणून बिल ऑफ एंट्री, म्हणजे तुमच्या नावाने कस्टमकडे जी नोंद दाखल झाली तिची प्रत, मागितल्याशिवाय काहीच कळत नाही. सहारच्या कुरिअर टर्मिनलवर आणि बॅलार्ड इस्टेटमधल्या विदेश डाक भवनात माल सोडवण्यात माझी चोवीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत हा कागद आपणहून मागणारी माणसं मी हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच पाहिली. तुम्ही मागितलात, म्हणून उत्तर नेमकं देता येतं आहे.

तुमचा हिशेब मांडू. कस्टम लागतं ते फक्त वस्तूच्या किमतीवर नाही. वस्तूची किंमत, त्यात भारतापर्यंतचं भाडं, त्यात विमा, अशी बेरीज होते. तिला ‘मूल्य’ म्हणतात. विम्याचा आकडा कागदावर नसेल तर वस्तूच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरतात, तुमच्या बाबतीत २२५ रुपये. कुरिअरने २०,००० अधिक ६,००० अधिक २२५ असं करून मूल्य २६,२२५ धरलं. त्यावर मूळ सीमाशुल्क १० टक्के, म्हणजे २,६२२ रुपये ५० पैसे. त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, २६२ रुपये २५ पैसे. मग मूल्य, शुल्क आणि अधिभार या सगळ्यांच्या बेरजेवर १८ टक्के एकात्मिक जीएसटी, सुमारे ५,२४०. एकूण सरकारी देणं ८,१२५. वर कुरिअरचा आकार १,००० आणि त्या आकारावरचा जीएसटी १८०. झाले ९,३०५.

तुम्ही लिहिता, ‘जीएसटी १८ टक्के असतो म्हणून फार तर ३,६०० लागतील असं वाटलं होतं.’ बहुतेकांचा घोळ इथेच होतो. भाड्यावरही शुल्क लागतं, शुल्कावर अधिभार, आणि सगळ्यावर मिळून जीएसटी. १०, अधिभार आणि १८ एकत्र केले की २८ होत नाहीत, ३०.९८ होतात. आमच्या धंद्यात हा आकडा इतका नेहमीचा आहे की कुणी किंमत सांगितली की आम्ही तोंडी त्याचे तीस-एकतीस टक्के काढून मोकळे होतो.

आता ते ६२० रुपये. सीमाशुल्क मूल्यनिर्धारण नियम २००७ मधला दहावा नियम सांगतो की माल विमानाने आला असेल तर मूल्यात धरायचं भाडं वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त असता कामा नये. तुमच्या वस्तू २०,००० च्या, म्हणजे भाडं फार तर ४,००० धरायला हवं होतं. तुम्ही प्रत्यक्षात ६,००० भरले असले तरी. मग मूल्य होतं २४,२२५ आणि सरकारी देणं ७,५०५. फरक ६२०. कुरिअरच्या कार्यालयात रोज हजारो पार्सलांची नोंद होते. यंत्रात भाड्याचा आकडा पडतो तसा पुढे जातो आणि ही मर्यादा लावायची राहते. ग्राहकाला नियम माहीत नसतो, त्यामुळे कुणी विचारतही नाही.

याच नियमाची दुसरी बाजूही बघा. एखादं दुकान ‘पाठवणी मोफत’ म्हणतं आणि तोच माल २६,००० ला देतं. मनाला बरं वाटतं, पण तिथे भाडं वेगळं दिसत नाही, सगळी रक्कम वस्तूची किंमत ठरते आणि मर्यादेचा फायदा हातातून जातो. हलकी, महाग वस्तू असेल तर फरक पडत नाही. जड आणि स्वस्त वस्तू असेल, म्हणजे कागदाचे गठ्ठे, मातीची भांडी, लोखंडी अवजारं, तर इन्व्हॉइसवर किंमत आणि भाडं वेगवेगळं लिहून घेणं केव्हाही चांगलं.

जर्मनीच्या बाबतीत आणखी एक सांगतो, कारण ती रक्कम कस्टमपेक्षाही सहज वाचते. तिथल्या दुकानात लिहिलेल्या किमतीत त्यांचा १९ टक्के व्हॅट असतो. माल युरोपीय संघाबाहेर जाणार असेल तर तो कर लागायला नको. ११९ युरोची वस्तू तुम्हाला १०० ला मिळायला हवी. मोठी दुकानं भारताचा पत्ता टाकला की किंमत आपोआप उतरवतात, लहान दुकानं विसरतात किंवा तशी सोयच ठेवत नाहीत. मग तुम्ही जर्मनीचा करही भरता, आणि त्या करासकट किमतीवर आपल्याकडचं शुल्कही. तुमच्या इन्व्हॉइसवर व्हॅटच्या रकान्यात शून्य आहे, म्हणजे तुमचं दुकान नीट वागलं. ते दुकान सोडू नका.

दर कशावर ठरतो, हे थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण मोठ्या चुका इथे होतात. प्रत्येक वस्तूला सीमाशुल्काच्या दरपत्रकात एक क्रमांक असतो. त्याशिवाय ९८०४ नावाचं एक शीर्षक आहे, टपालाने किंवा विमानाने वैयक्तिक वापरासाठी येणाऱ्या वस्तूंसाठी. या शीर्षकाचा दर वर्षानुवर्षं वरखाली होत आला आहे. एक काळ असा होता की मूळ शुल्क ३५ टक्के, त्यावर अधिभार, वर २८ टक्के जीएसटी, आणि सगळं मिळून ७७.२८ टक्के पडायचं. शंभराच्या वस्तूवर सत्त्याहत्तर रुपये! २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा जीएसटी १८ झाला, आणि २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणल्याची घोषणा झाली. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत आजही ७७ किंवा ४२ टक्के लिहिलेलं सापडतं. ते वाचून घाबरू नका, आणि त्या भरवशावर हिशेबही करू नका.

७७ टक्क्यांच्या त्या दिवसांतली गोष्ट. साताऱ्याकडच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी हॉलंडमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून बारा हजारांचे ग्रंथ मागवले. दुकानदाराने पार्सलवर लिहिलं ‘वैयक्तिक वस्तू’. त्याने आपल्या परीने भलंच केलं होतं. पण नोंद करणाऱ्याने ते शब्द वाचून सरळ ९८०४ लावलं आणि देणं निघालं नऊ हजारांवर. वास्तविक छापील पुस्तकांवर मूळ शुल्क ५ टक्के आहे, जुलै २०१९ पासून, आणि जीएसटी शून्य. योग्य रक्कम हजाराच्या आत होती. सरांनी पैसे भरायच्या आधी फोन केला, म्हणून निभावलं. दुकानदाराकडून ग्रंथांच्या नावांसकट नवीन इन्व्हॉइस मागवलं, कुरिअरला मेल केला, दोन दिवसांत नोंद दुरुस्त झाली. पैसे भरून पार्सल हातात आल्यावर त्यांनी फोन केला असता तर हेच काम कित्येक महिन्यांचं झालं असतं. म्हणून विक्रेत्याला ऑर्डरच्या वेळीच सांगायचं: वस्तूचं नेमकं नाव लिही. ‘भेट’, ‘सामान’, ‘नमुना’, ‘वैयक्तिक’ असलं काही लिहू नकोस.

‘भेट’ या शब्दावर तर मला वेगळं बोललंच पाहिजे, कारण दर आठवड्याला कुणीतरी तो लिहून अडकतं. अजून पुष्कळांची समजूत आहे की पाच हजारांपर्यंत कस्टम नाही. ती सवलत होती, पण खऱ्याखुऱ्या भेटवस्तूंसाठी, विकत घेतलेल्या मालासाठी कधीच नव्हती. परदेशी ॲपवरून येणारा माल सर्रास भेट म्हणून दाखवला जाऊ लागला, तेव्हा १२ डिसेंबर २०१९ ला परकीय व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढून भेट म्हणून, शुल्क न भरता, टपालाने किंवा कुरिअरने माल आणण्यावर बंदी घातली. अपवाद दोनच: जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबतच्या भेटवस्तूसुद्धा नाहीत, फक्त राखी. त्यामुळे विक्रेता प्रेमाने ‘गिफ्ट’ लिहितो आणि पैसे वाचायचे सोडून पार्सलच अडकतं. भारतात ऑनलाइन खरेदीला ‘इतक्या रकमेपर्यंत माफ’ अशी मर्यादा नाही, हे धरूनच चाला. दुसऱ्या देशांतल्या नातेवाइकांचे अनुभव इथे लावू नका.

आणि किंमत कमी लिहायला सांगणं? कृपा करून नको. काही विक्रेते न विचारताच करतात, काहींना आपलेच लोक सांगतात. अधिकाऱ्याला शंका आली तर त्याच मूल्यनिर्धारण नियमांतल्या बाराव्या नियमाखाली तो जाहीर केलेली किंमत नाकारू शकतो. हल्ली त्याच्यासमोर संगणकावर तेच दुकान उघडलेलं असतं. माल जप्तीला पात्र ठरू शकतो, सोडवायला दंड पडतो, आणि नोंद तुमच्या नावावर व तुम्ही दिलेल्या आधार किंवा पॅनवर राहते, विक्रेत्याच्या नाही. शिवाय पार्सल हरवलं तर विम्याचे पैसे त्या कमी लिहिलेल्या किमतीचेच मिळतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. पार्सल नाकारता येतं. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम २३ मध्ये तशी सोय आहे: माल सोडण्याचा आदेश होण्याआधी मालावरचा हक्क सोडला तर शुल्क द्यावं लागत नाही. मात्र मालासंबंधी गुन्हा झाल्याचं दिसत असेल तर ही वाट बंद असते. पण तुमच्या बाबतीत ही वाट फार आधीच निघून गेली होती. कुरिअरवाले बहुधा स्वतःच्या खिशातून शुल्क भरून माल सोडवतात आणि मग तुमच्याकडून वसूल करतात. तुमच्याकडून घेतलेले ते १,००० रुपये याच कामाचे. दारात नकार दिला असता तर सरकारी शुल्क काही परत आलं नसतं. कुरिअरने ते विक्रेत्याकडे मागितलं असतं, विक्रेत्याने तुमच्या परताव्यातून कापलं असतं, वर परतीचं भाडं. २०,००० च्या रंगांपैकी हाती फार थोडं राहिलं असतं. पैसे भरलेत ते योग्यच केलंत. नाकारायचंच असेल तर कुरिअरचा पहिला संदेश येतो, कागदपत्रं मागणारा, त्याच वेळी नाकारायचं. आणि तो संदेश आल्यावर गप्पही बसू नका. ३० दिवसांत माल सोडवला नाही तर तो विकायची तरतूद कायद्यात आहे, आणि त्याआधी गोदामाचं भाडं चढायला लागतं ते वेगळंच.

टपालाने मागवलं तर कुरिअरचा हा मोठा आकार टळतो. टपाल खातं हाताळणीचं शुल्क घेतं, पण ते पुष्कळ कमी असतं. वेळ जास्त लागतो. पार्सल विदेश डाक भवनात येतं, तिथे कस्टमचे अधिकारी पार्सलवर चिकटवलेलं जाहीरपत्र बघून शुल्क ठरवतात, आणि पोस्टमन तुमच्याकडून ते घेतो. घाई नसलेल्या, दहा हजारांच्या आतल्या वस्तूला मी स्वतः टपालच निवडतो. महाग किंवा नाजूक वस्तू असेल तर कुरिअर, कारण तिथे कागद मागायला आणि भांडायला समोर कुणीतरी असतं.

कागदाच्या निमित्ताने एक धोक्याची सूचना. ‘तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलं आहे, या क्रमांकावर पैसे पाठवा’ असा संदेश किंवा फोन आला तर पैसे पाठवू नका. कस्टमचा अधिकारी कुणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर शुल्क मागत नाही. कस्टमकडून आलेल्या पत्रावर एक ओळख क्रमांक असतो, डीआयएन म्हणतात त्याला. तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर टाकला की पत्र खरं की खोटं ते लगेच समजतं. पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले असं सांगून व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवतात, तो तर सरळ दरोडा आहे. फोन ठेवा आणि १९३० वर तक्रार करा. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेची आयुष्यभराची पुंजी अशीच गेली. त्यांनी परदेशातून काही मागवलेलंसुद्धा नव्हतं.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे, की मुलगी अमेरिकेत असते आणि तिला फराळ पाठवतानाही हेच होतं का. तिथलं गणित उलट्या दिशेने बदललं आहे. ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल अमेरिकेत शुल्काशिवाय जायचं, ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. त्याआधी चार दिवस भारतीय टपालाने अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, आणि पुन्हा सुरू केलं १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन आठवड्यावर आलं होतं. कितीतरी घरांचा चिवडा, चकल्या त्या वर्षी डब्यातच राहिल्या. पुन्हा सुरुवात झाली ती अमेरिकेचं शुल्क पार्सल नोंदवतानाच इथे भरायच्या पद्धतीने. पाठवणाऱ्याने आधी भरायचं, घेणाऱ्याला दारात काही नाही. मला ही पद्धत खरोखर चांगली वाटते. पैसे लागायचेच असतील तर ते आधी कळलेले बरे. तिथे भेटवस्तूंसाठी १०० डॉलरपर्यंतची वेगळी सूट आहे, त्यामुळे घरचा फराळ त्या मर्यादेत बसवा आणि डब्यातल्या पदार्थांची यादी इंग्रजीत नीट लिहा.

हीच आधी भरायची सोय तुम्हाला खरेदी करतानाही मागता येते. ऑर्डरच्या शेवटच्या पानावर दोन प्रकार असतात. डीडीपी लिहिलं असेल तर शुल्क विक्रेता भरणार, तुमच्याकडून आत्ताच घेणार. डीएपी किंवा डीडीयू लिहिलं असेल तर शुल्क तुम्ही भरणार, दारात. काहीच लिहिलं नसेल तर दुसरा प्रकार समजा. लहान दुकानाला हे शब्द माहीत नसले तर साधं विचारा: भारतातलं सीमाशुल्क या किमतीत आहे का? उत्तर मेलवर घ्या. आणि ‘नाही’ असं उत्तर आलं की किंमत, भाडं आणि थोडा विमा मिळून जे होईल त्याचे एकतीस टक्के बाजूला ठेवून मगच ठरवा. भाडं वीस टक्क्यांपर्यंतच मोजायचं, हे तुम्हाला आता माहीत आहे. चपला, खेळणी, घड्याळं यांसारख्या वस्तूंची नोंद ९८०४ ऐवजी त्यांच्या स्वतःच्या क्रमांकाखाली झाली तर हा अंदाज पुरणार नाही. खेळण्यांवरचं मूळ शुल्कच २०२० मध्ये २० चं ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. ड्रोन तर पैसे असले तरी येत नाही, फेब्रुवारी २०२२ पासून त्याच्या आयातीवर बंदी आहे. नातवासाठी मागवलेला ड्रोन सोडवून द्या म्हणून आजही माझ्याकडे आजोबा येतात, आणि त्यांना नाही म्हणताना वाईट वाटतं.

राहिले तुमचे ६२० रुपये. जास्त भरलेलं शुल्क परत मागण्याची मुदत भरल्यापासून एक वर्ष आहे, कलम २७ प्रमाणे. वैयक्तिक वापरासाठी माल आणणाऱ्याला शुल्काचा बोजा पुढच्या गिऱ्हाइकावर ढकलला नाही हे सिद्ध करत बसावं लागत नाही. शंभर रुपयांच्या आतला परतावा मिळत नाही, तुमचा त्याच्या वर आहे. अडचण वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरवून दिलं की मूळ आकारणी दुरुस्त झाल्याशिवाय नुसता परताव्याचा अर्ज चालणार नाही. म्हणजे आधी कलम १४९ खाली नोंदीत दुरुस्ती, किंवा ६० दिवसांच्या आत आयुक्तांकडे अपील, आणि मग परतावा. सहाशे रुपयांसाठी कोल्हापूरहून मुंबईच्या चकरा मारा असं मी सांगणार नाही. सहा हजार असते तर तुमच्या सोबत आलो असतो.

तरी एक मेल जरूर करा, याच आठवड्यात, म्हणजे साठ दिवस हातात राहतील. कुरिअरच्या कस्टम विभागाला लिहा: ‘बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक अमुक. माल विमानाने आला. वस्तूंची किंमत २०,०००, भाडं ६,०००. मूल्यनिर्धारण नियम १० प्रमाणे भाडं ४,००० च्या वर धरता येत नाही. कलम १४९ खाली दुरुस्ती करावी आणि फरकाचे ६२० रुपये परत मिळवून द्यावेत.’ इन्व्हॉइस आणि पैसे भरल्याची पावती जोडा. नियमाचा क्रमांक घालून लिहिलेला मेल त्यांच्याकडे वेगळ्या टेबलावर जातो. काही वेळा दुरुस्तीच्या खटपटीत न पडता ते आपल्या आकारातून तेवढी रक्कम सोडून देतात. पुढचं पार्सल मागवाल तेव्हा मात्र हाच मजकूर, आकडे बदलून, कुरिअरचा पहिला संदेश आल्या दिवशीच पाठवा. तेव्हा नोंद दाखल व्हायची असते, आणि दुरुस्तीला एकच फोन पुरतो.